औषधदान आणि अभयदान : पूर्व-पश्चिमेच्या वनौषधी परंपरांचा एक मागोवा

जैन आचारात श्रावकासाठी चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. प्रवचनांत ही चारही नावे एका दमात उच्चारली जातात. मात्र औषधदान आणि अभयदान यांच्यामध्ये एक अवघड जागा आहे. रोग्यास औषध देणे हे पुण्यकर्म. परंतु त्या औषधासाठी दुसऱ्या जीवाचा घात झाला असेल तर ते दान कोणत्या खात्यात मांडावे? हा प्रश्न केवळ पाठशाळेतला नाही. साधारण साडेअकराशे वर्षांपूर्वी दख्खनच्या एका सम्राटाच्या सभेत, विद्वान आणि वैद्य यांच्यासमोर, एका जैन आचार्यांनी तो उभा केला होता. वनौषधींच्या पूर्वेकडील व पश्चिमेकडील परंपरांचा इतिहास हा प्रश्न हाती धरून वाचला, तर त्यात जालना परिसराचीही पावले उमटलेली दिसतात.

त्यातले पहिले पाऊल भोकरदनचे. केळणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. उज्जैनहून पैठणला, म्हणजे प्रतिष्ठानला, जाणारा व्यापारी मार्ग येथून जात असे. सांची व भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो, यावरून तेथील संपन्नता ध्यानात यावी. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक अवशेष मिळाला. इटलीतील पाँपेई नगरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे जवळचे साम्य आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले; म्हणजे त्यापूर्वीच या प्रदेशाचा माल रोमपर्यंत पोहोचत होता.

त्या मालात काय काय असे, याची यादी पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या ग्रंथात देऊन ठेवली आहे. पैठण आणि तगर (आजचे तेर) येथून गाड्यांनी माल भडोचच्या बंदरात येई आणि तेथून जहाजांवर चढे. तगरचे कापड त्यात मुख्य होते. परंतु भडोचच्या निर्यातीत सुती कापडाच्या बरोबरीने आणखी काही नावे आहेत : कोष्ठ, जटामांसी, गुग्गुळ, दारुहळदीपासून काढलेले रसांजन आणि पिंपळी. कापडाचे गठ्ठे आणि औषधांच्या गोण्या एकाच जहाजात शेजारी शेजारी प्रवास करीत होत्या! रोमन लेखक प्लिनी याने भावही नोंदवले आहेत. एका रत्तल पिंपळीस १५ दिनार, पांढऱ्या मिरीस ७ आणि काळ्या मिरीस ४. मिरीला युरोपात जे ‘पायपर’, ‘पेपर’ असे नाव पडले, ते मुळात आपले ‘पिप्पली’च होय. माल गेला, त्याच्यामागून नावही गेले.

ज्या वैद्यांच्या हाती ही पिंपळी पडली, त्यांचे शास्त्रही भारतीय वैद्याला परके वाटले नसते. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीस याच्या परंपरेत शरीरात रक्त, कफ, पीत पित्त व कृष्ण पित्त असे चार द्रव मानले गेले आणि त्यांचा तोल ढळणे म्हणजे रोग अशी धारणा होती. आयुर्वेदाने वात, पित्त व कफ हे तीन दोष सांगितले. संख्येत आणि तपशिलात भेद आहे. पण रोग हा एखाद्या अवयवाचा नसून संपूर्ण मनुष्याचा आहे, त्याचे अन्न, निद्रा, ऋतू, वय आणि मनःस्थिती पाहिल्यावाचून औषध ठरविता येत नाही, ही दृष्टी दोन्हीकडे सारखीच आहे. दोन्हीकडे आहार प्रथम, औषध नंतर. आज ज्याला ‘समग्र उपचार’ असे नवे नाव मिळाले आहे, तो विचार पूर्वेचा की पश्चिमेचा, असा वाद घालण्यात फारसा अर्थ उरत नाही.

जैन परंपरेत वैद्यकाचे मूळ थेट आगमात मानले गेले आहे. दृष्टिवाद या बाराव्या अंगातील चौदा पूर्वांपैकी बारावे पूर्व ‘प्राणावाय’. त्यात आयुर्वेदाचा विषय होता. हे पूर्व काळाच्या ओघात लुप्त झाले. त्या परंपरेवर उभा असलेला, आज संपूर्ण उपलब्ध असलेला महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’. आचार्य उग्रादित्य हे श्रीनंदी आचार्यांचे शिष्य. त्रिकलिंग देशातील रामगिरी येथील जिनालयात राहून त्यांनी नवव्या शतकात हा संस्कृत ग्रंथ रचला. वीस परिच्छेद, त्यावर पाच परिच्छेदांचे उत्तरतंत्र आणि अखेरीस रिष्टाध्याय व हिताहिताध्याय अशी त्याची रचना आहे. आपल्या आधीच्या जैन वैद्यकाराचार्यांची नावेही ते आदराने देतात. पूज्यपादांचे शालाक्य, पात्रस्वामींचे शल्यतंत्र, सिद्धसेनांचे विषचिकित्सेवरील लेखन, दशरथ गुरूंची कायचिकित्सा, मेघनादांची बालचिकित्सा, सिंहनादांचे रसायन व वाजीकरण आणि समंतभद्रांचा अष्टांगांवरील विस्तृत ग्रंथ. यांतील बहुतेक ग्रंथ आज केवळ या नामावलीपुरतेच उरले आहेत. एवढी मोठी ग्रंथसंपदा हरपली, याचे दुःख समाजाला फारसे झालेले दिसत नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

यातील हिताहिताध्याय हाच या लेखाच्या दृष्टीने मोलाचा. राष्ट्रकूट सम्राट नृपतुंग अमोघवर्ष यांच्या सभेत अनेक विद्वान व वैद्य जमले असता, औषध म्हणून मांसाची योजना निरर्थक आहे हे उग्रादित्यांनी प्रतिपादन केले. ते विवेचन म्हणजे हा अध्याय. सभाही साधी नव्हती. अमोघवर्षांनी इ.स. ८१४ पासून सहा दशकांहून अधिक काळ मान्यखेट येथून राज्य केले. आदिपुराणकार जिनसेनाचार्यांविषयी त्यांच्या मनात गुरुभाव होता आणि गणितसारसंग्रहाचे कर्ते महावीराचार्य याच राजवटीतले. वेरूळच्या जैन लेण्यांतील पुष्कळ काम याच राष्ट्रकूट काळातले. जालन्याहून वेरूळ एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर आहे. इंद्रसभेतील शिल्पे पाहणाऱ्या यात्रेकरूच्या मनात त्याच काळातील या वैद्यकीय वादाची आठवण मात्र क्वचितच जागी होत असेल.

उग्रादित्यांचे धाडस समजून घ्यायचे, तर एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. प्राचीन आयुर्वेद हा शाकाहारी नव्हता. चरकसंहितेत मांसवर्ग आहे, क्षीण रोग्यासाठी मांसरस सांगितला आहे. म्हणजे आचार्यांना आपले म्हणणे प्रस्थापित शास्त्रासमोर मांडायचे होते. केवळ धर्माज्ञेचा हवाला देऊन ते थांबले असते, तर वैद्यांनी ते ऐकून सोडून दिले असते. त्यांनी वैद्यांशी वैद्यकाच्याच भाषेत वाद केला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मद्य, मांस व मधु यांवाचून चालणारी चिकित्सा आपल्या ग्रंथात प्रत्यक्ष मांडून दाखविली. नुसता निषेध करणे सोपे असते. पर्याय तयार करून देणे कठीण.

त्याच शतकात जगात इतरत्र काय चालले होते, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलच्या ग्रंथालयात इ.स. ८२० ते ८३० च्या सुमाराचा, ख्रिस्ती मठाचा एक नकाशा जतन केलेला आहे. त्यात रुग्णालयाच्या शेजारी औषधी वनस्पतींची बाग आखली असून तिचे सोळा वाफे आहेत आणि प्रत्येक वाफ्यावर वनस्पतीचे नाव आहे. गुलाब, पुदिना यांच्याबरोबर तेथे मेथी, जिरे आणि बडीशेप आहे. मठवासी साधूंनी रोग्यांची सेवा करावी आणि त्यासाठी अंगणातच वनौषधी लावावी, ही कल्पना उपाश्रयाच्या आणि औषधालयाच्या शेजारात वाढलेल्या माणसाला आपलीच वाटेल. इकडे बगदादमध्ये खलिफांच्या आश्रयाने सुश्रुताचे अरबी भाषांतर झाले होते, आणि इ.स. ८५० च्या सुमारास अली इब्न रब्बन अत्‌-तबरी याने आपल्या वैद्यकग्रंथात ग्रीक शास्त्राच्या जोडीला भारतीय वैद्यकाचा स्वतंत्र भाग लिहिला. सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या इ.स. ८५१ च्या वृत्तांतात राष्ट्रकूट राजाला ‘बल्हारा’ म्हणून जगातील चार थोर राजांत गणले आहे. मान्यखेट, बगदाद आणि सेंट गॅल : तीन ठिकाणी एकाच काळात वनौषधींचा विचार चालू होता. औषधासाठी जीव घ्यावा काय, हा प्रश्न मात्र सभेत वादासाठी उभा राहिला तो मान्यखेटच्या राजाच्या.

याचा प्रत्यय ‘थेरियाक’ या औषधाच्या कथेवरून येतो. रोमन सम्राट नीरो याचा वैद्य अँड्रोमॅकस याने सिद्ध केलेले हे पाक साठांहून अधिक द्रव्यांचे असे. पूर्वेकडून आलेली पिंपळी आणि सुंठ त्यात पडे आणि विषारी सर्पाचे मांसही पडे. पुढे दीड हजारांहून अधिक वर्षे युरोपात ते सर्व रोगांवरचे रामबाण औषध मानले गेले. व्हेनिस शहरात तर ते भर चौकात, लोकांसमक्ष, समारंभपूर्वक तयार करीत. अखेर १७४५ साली विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टराने त्याच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्याचा आक्षेप असा की इतक्या द्रव्यांची ही खिचडी कोणत्याही तर्काला धरून नाही. आक्षेप रास्त होता. पण सर्पाच्या बाजूने बोलायला तेथे कोणी नव्हते. उग्रादित्यांचा आक्षेप त्याच्या नऊशे वर्षे आधीचा, आणि त्यात रोग्याबरोबर दुसऱ्या जीवाचाही विचार होता.

सोळाव्या शतकात पूर्व आणि पश्चिम यांची गाठ पुन्हा या प्रदेशाच्या अंगणातच पडली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो वैद्य म्हणून जात असे. तेथे अरबी-फारसी जाणणारे हकीम आणि देशी वैद्य या दोघांशी त्याचा संबंध आला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात भारतीय औषधी द्रव्यांची चर्चा संवादरूपाने आहे. पटकीचे वर्णन करताना त्याने तिचे देशी नाव ‘मोर्शी’ असे दिले आहे. घराघरांतल्या आजीबाईंच्या तोंडचा ‘मोडशी’ हा शब्द तो हाच! ग्रीक आचार्यांच्या लिखाणापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले प्रमाण मानण्याचे धैर्य या माणसाने दाखविले. तो जन्माने ज्यू वंशातला होता, आणि मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, धर्मन्यायसभेने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र तोवर लॅटिनमधून युरोपभर पोहोचला होता.

पुढे शतकभराने, १६७८ ते १६९३ या काळात, ॲम्स्टरडॅम येथे ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याच्या ज्ञानावर तो मुख्यतः उभा आहे. त्याच्या प्रारंभी रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तिघांचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. पश्चिमेच्या ग्रंथात पूर्वेच्या जाणकारांची नावे सन्मानाने येण्याचा तो एक दुर्मीळ प्रसंग होय.

पूर्व-पश्चिम या शब्दांची गंमत जालन्यात आणखी वेगळ्या रीतीने दिसते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. ‘युनानी’ म्हणजे ग्रीक. दम, बलगम, सफरा आणि सौदा हे हकिमांचे चार खिल्त म्हणजे हिप्पोक्रेटीसचेच चार द्रव. ज्या युरोपात हे शास्त्र वाढले, तेथे ते ग्रंथालयात जाऊन बसले. आणि मराठवाड्यात मात्र गुलकंद, माजून आणि अर्क यांच्या रूपाने ते नित्य व्यवहारात राहिले. येथे पश्चिमेचे जुने शास्त्र पूर्वेचे म्हणून ओळखले जाते, आणि त्याविषयी कोणाची तक्रारही नाही.

दोन परंपरांच्या वाटा खऱ्या अर्थाने फुटल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्याचा एक साक्षीदार याच जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंद्यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्ली याच्या हाताखालील इंग्रज फौज यांच्यात घनघोर लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचेच दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. त्या काळच्या इंग्रज सर्जनच्या पेटीत वेदनेसाठी अफू असे, हिवतापासाठी सिंकोना झाडाची साल असे. म्हणजे असईच्या रणांगणापर्यंत पाश्चात्त्य डॉक्टरही वनस्पतींवरच विसंबून होता. पण त्याच सुमारास जर्मनीत झेर्टुर्नर या तरुण औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिये व कावाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले. वनस्पतीतून एकच सत्त्व काढावे, ते मोजून द्यावे, आणि मग वनस्पतीकडे पाहूच नये, असा नवा मार्ग सुरू झाला. या मार्गाने लक्षावधी प्राण वाचले, हे निर्विवाद. मात्र औषध मोजता मोजता मनुष्याकडे समग्रपणे पाहण्याची जुनी सवय सुटत गेली, हेही तितकेच खरे.

त्या दोन वाटा पुन्हा जवळ आल्याचे एक उत्तम उदाहरण मुंबईचे आहे. वेडावर आणि निद्रानाशावर वैद्य सर्पगंधेची मुळी देत. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यामुळे रक्तदाब उतरतो हे दाखविले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून ‘रेसर्पिन’ हे सत्त्व वेगळे काढण्यात आले. पुढे त्याच्या सेवनाने काही रुग्णांच्या मनास उदासीनता येते असेही आढळले. वनस्पतीचे औषध म्हणजे निर्दोषच, असा भाबडा समज बाळगणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि चालू असलेले औषध डॉक्टरांना न विचारता बंद करून काढ्याच्या मागे लागू नये.

दरम्यान ‘कल्याणकारक’ हस्तलिखितांच्या पोथ्यांत पडून होता. तो छापून निघाला १९४० साली, सोलापुरात. पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी हिंदी अनुवादासह त्याचे संपादन केले आणि शेठ गोविंदजी रावजी दोशी यांनी तो प्रकाशित केला. सुतासाठी आणि कापडासाठी नावाजलेल्या सोलापूरने हजार वर्षांपूर्वीचा वैद्यकग्रंथ समाजाच्या हाती दिला, हे शास्त्रदान आणि औषधदान एकाच वेळी घडले. श्रावकांनी मंदिराच्या शिखरावर खर्च करावा तसा पोथ्यांवरही करावा, याचा दाखला म्हणून हे उदाहरण पुरेसे आहे.

उग्रादित्यांचा प्रश्न मात्र त्या ग्रंथासोबत बंद झाला नाही. औषधाच्या दुकानात कॅप्सूल घेताना तिचे वेष्टण कशाचे, हे विचारणारे श्रावक आजही आहेत, कारण जिलेटिन हे प्राण्यांच्या कातडी व हाडांपासून निघते. च्यवनप्राशात मध असतो. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेने आपोआप थोडे मद्य तयार होते. ओले आले वर्ज्य मानणाऱ्या अनेक घरांत सुंठ चालते, हळकुंड चालते. वाळल्यावर त्यात अनंत जीवांचा वास राहत नाही, अशी त्यामागची समजूत. नव्या पिढीला हे सारे बारकावे किचकट वाटतात. परंतु कंदमुळाविषयीच्या या संकोचात एक व्यावहारिक तथ्य दडलेले आहे. फळ घेतले तर झाड राहते, मूळ खणले तर झाडच जाते. मंदिरांच्या भिंतींवर षड्‌लेश्यांचे चित्र असते. एका जांभळाच्या झाडापाशी सहा भुकेले पुरुष आलेले असतात. पहिला झाड मुळापासून तोडायला निघतो, दुसरा खोड तोडू म्हणतो, तिसरा मोठी फांदी, चौथा लहान डहाळी, पाचवा फक्त फळे तोडतो आणि सहावा खाली गळालेली जांभळे वेचून घेतो. भावांचे हे चित्र वनौषधींच्या व्यापाराला जसेच्या तसे लागू पडते. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून होणारे त्रिफळा हे पाचव्या-सहाव्या पुरुषाचे औषध आहे. सर्पगंधा हे पहिल्याचे.

सर्पगंधेच्या मुळीला जगभरातून मागणी आली आणि रानातून ती इतकी उपटली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर करारान्वये नियंत्रण घालावे लागले. भडोचच्या बंदरातून दोन हजार वर्षांपूर्वी गेलेल्या मालाचीही तीच गत आहे. कोष्ठ त्या कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि जटामांसी दुसऱ्या यादीत. दोन्हींचा औषधी भाग जमिनीखालचा. गुग्गुळाचा डिंक काढण्यासाठी झाडाला इतक्या खोल जखमा करतात की झाडे मरतात, आणि २०१५ साली ही वनस्पती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. प्लिनीने मिरीपेक्षा महाग म्हणून नोंदविलेली पिंपळी मात्र फळ आहे. ती वेलीवरून खुडतात, वेल राहतो. आणि जालन्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात ती आजही मागताक्षणी पुडीत बांधून मिळते.